डिस्कची प्रकृती: सावध

मी पोटापाण्यासाठी नेमकं काय करतो, हे आमच्या इमारतीत कुणालाच धड ठाऊक नाही. मी समजावून सांगायला गेलो की जे थोडंफार ठाऊक असतं, त्याचाही घोळ होतो. आमची कंपनी एक सॉफ्टवेअर बनवते. ते तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बसतं आणि आत कोण किती तापलंय, पंखा किती वेगाने फिरतोय, डिस्क अजून किती तग धरेल, याच्या खबरा देत राहतं. त्या खबरा वाचून घाबरलेली माणसं फोन करतात आणि तो फोन मी उचलतो. नऊ वर्षांत मी एकही कॉम्प्युटर दुरुस्त केलेला नाही. मी फक्त माणसं दुरुस्त करतो, आणि तेही फोनवरून.

तर या सॉफ्टवेअरची मराठी आवृत्ती काढायचं आमच्या साहेबांनी ठरवलं. मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, "मराठी कुणाचं चांगलं आहे?" सगळे खाली बघायला लागले. मी शाळेत निबंधाला दोनदा पहिला आलो होतो. ही गोष्ट एवढी वर्षं कुणीच विचारली नव्हती. माझा हात आपोआप वर गेला. आयुष्यात मी जेवढ्या वेळा हात वर केलाय, तेवढ्या वेळा तो नंतर कपाळावरच मारून घ्यावा लागलाय, पण अनुभवातून शिकणं हा माझा स्वभाव नाही.

जेवणाच्या टेबलावर बसून अठरा दिवस मी भाषांतर केलं. इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे, म्हणजे इतिहासात माझ्यावर अन्याय होणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक शब्दासाठी एक चौकट असते आणि ती इंचभर असते. 'तापमान' त्या चौकटीत मावेना, म्हणून मी 'ताप' केलं. 'मुख्य प्रक्रियक' कुणाला कळणार नाही, म्हणून 'मेंदू' केलं. त्यामुळे पडद्यावर 'मेंदूचा ताप: ६१' असं दिसू लागलं, हे मला मान्य आहे. डिस्कच्या प्रकृतीच्या तीन पायऱ्या होत्या. चांगली असेल तर 'ठणठणीत', बिघडू लागली असेल तर 'सावध' आणि जायच्या बेतात असेल तर 'अत्यवस्थ'. हे तीन शब्द सुचले त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून वाचून दाखवले.

"छान आहे," ती म्हणाली. "पण बाबांना एकदा दाखव."

बाबा म्हणजे माझे सासरे. एका छापखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं मुद्रितं तपासली. निवृत्तीनंतर गेली अकरा वर्षं ते एक शब्दसंग्रह करताहेत. सुतार, लेथवाले, शिंपी, बाइंडर, नळ दुरुस्त करणारे अशा कामकरी माणसांच्या तोंडचे शब्द, जे कुठल्याही कोशात नाहीत. माणसांकडे जायचं, तासन् तास बसायचं, शब्द टिपायचा आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर चढवायचा. चार हजारांच्या वर शब्द झाले होते. ज्यांच्याकडून घेतले त्यांतली निम्मी माणसं आता नाहीत. तो संग्रह म्हणजे बाबांची निवृत्तीनंतरची सगळी वर्षं होती, आणि तो होता फक्त त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर.

मी अर्थातच बाबांना भाषांतर दाखवलं नाही. ज्या माणसाने आमच्या लग्नाच्या पत्रिकेत लाल पेनाने सात चुका काढून ती मला परत दिली होती, त्याच्यासमोर जायला छाती लागते. मी फक्त सॉफ्टवेअर त्यांच्या कॉम्प्युटरवर बसवून दिलं. चाचणीसाठी पंचवीस घरं हवी होती. आमच्या इमारतीतली चोवीस आणि एक बाबांचं.

पहिला दणका इमारतीने दिला. कॉम्प्युटरच्या आतल्या पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, काही जागा अशा असतात, की तिथे ताप मोजायला काही जोडलेलंच नसतं. सॉफ्टवेअर तिथेही चौकशी करतं आणि रिकाम्या जागेतून उत्तर येतं, एकशे सत्तावीस अंश. त्याला काडीचा अर्थ नसतो. मी त्या जागेचं नाव ठेवलं होतं 'इतर'. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात शेजारचे दातांचे डॉक्टर भेटले.

"अहो, आमच्या इतरला एकशे सत्तावीस ताप आहे."

"लक्ष देऊ नका, डॉक्टर."

"एकशे सत्तावीसला लक्ष देऊ नको? मी साडेनव्व्याण्णवला दाढ काढत नाही!"

संध्याकाळपर्यंत सगळी इमारत एकमेकांच्या इतरची चौकशी करू लागली. सगळ्यांकडेच एकशे सत्तावीस आहे म्हटल्यावर लोक निवांत झाले, कारण जे सगळ्यांना होतं त्याला आपल्याकडे कुणी आजार म्हणत नाही. पण खालच्या मजल्यावर गाणं शिकवणाऱ्या बाईंचा कॉम्प्युटर नवा होता. त्यात त्या जागी खरोखरच ताप मोजणारा भाग बसवलेला होता. त्या रडवेल्या होऊन वर आल्या. "सगळ्यांचा एकशे सत्तावीस आणि आमचाच कसा हो एकतीस? काहीतरी कमी पडतंय का?" मी त्यांना तासभर सांगत होतो की पूर्ण इमारतीत एकट्या त्यांचाच आकडा खरा आहे. त्यांना ते सांत्वन वाटलं. जाताना म्हणाल्या, "तुम्ही मनाने चांगले आहात." इतर बाबतींत त्या काही बोलल्या नाहीत.

या धामधुमीत कचेरीच्या मदत-क्रमांकावर पहिली अधिकृत तक्रार आली. फोन मीच उचलला.

"नमस्कार. ग्राहक क्रमांक पंचवीस बोलतोय. तक्रार नोंदवायची आहे."

आवाज बाबांचा होता. मी म्हणालो, "बाबा, मी बोलतोय!"

"असाल," पलीकडून उत्तर आलं. "तक्रार लिहून घ्या. पडद्यावर 'डिस्कची प्रकृती: सावध' असं आलंय. सावध हा गुण आहे. सावध माणूस रस्ता दोन्हीकडे बघून ओलांडतो. डिस्क सावध असेल तर मी चिंता करायची की कौतुक?"

बाबांनी घरी, जेवताना, बायकोसमोर का नाही सांगितलं? मुद्दाम कचेरीत फोन करून, नोंद करून, रेकॉर्डवर माझी शोभा का केली? मला हे फार लागलं. मी तक्रार लिहून घेतली, खाली 'हा शब्द विचारपूर्वक निवडलेला आहे' असं उत्तर लिहिलं आणि तक्रार बंद करून टाकली. दोन दिवस मी बायकोशी फक्त कामापुरतं बोललो. तिच्या ते लक्षातही आलं नाही, याचं दुःख वेगळं.

आठवड्याने दुसरा फोन.

"पडद्यावर 'निकामी जागा: ४८. गेल्या आठवड्यापेक्षा वाढला' असं आहे. जागा स्त्रीलिंगी. 'वाढल्या' हवं."

हे मात्र बिनतोड होतं. मी 'वाढला' खोडून 'वाढल्या' केलं आणि साहेबांना कळवलं की ग्राहकांच्या सूचनांची आम्ही तात्काळ दखल घेतो. साहेब खूश झाले. त्यानंतर पाच दिवसांनी तिसरी तक्रार आली, ती सॉफ्टवेअरमधल्या तक्रारीच्या पानावरून, लेखी आणि चांगली लांबलचक. "'अत्यवस्थ' माणूस असतो, वस्तू नव्हे. यंत्र जायला आलं की काम करणारे लोक काय म्हणतात, याचे पुरावे सोबत जोडले आहेत." सोबत एक फाइल होती. मी ती उघडली नाही. पुरावे बघायचे म्हणजे स्वतःचीच सात नाही तर सत्तर चुकांची पत्रिका बघायची. मी तयार उत्तराचं बटण दाबलं. 'आपले निवेदन आम्ही काळजीपूर्वक वाचले आहे. आभारी आहोत.' आणि तक्रार बंद केली.

हुशार वाचकाच्या एव्हाना काहीतरी लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. नऊ वर्षं मी हेच काम करतोय. 'सावध'चा इंग्रजी अवतार दिसला की काळजी घ्या, 'अत्यवस्थ'चा दिसला की हातातलं काम टाकून आधी फाइली दुसरीकडे उतरवून घ्या, हे वाक्य मी दिवसातून तीसदा बोलतो. आणि बाबा मला तीन वेळा सांगत होते की हे शब्द त्यांच्या पडद्यावर दिसताहेत. आधी सावध, मग अठ्ठेचाळीस निकामी जागा, मग अत्यवस्थ. बाबांचंही तेच. छत्तीस वर्षांची सवय; मुद्रित वाचायचं नसतं, तपासायचं असतं. आम्ही दोघांनी मिळून ती सूचना अतिशय बारकाईने तपासली. वाचली कुणीच नाही.

पुढच्या महिन्यात एका रविवारी सकाळी बाबांचा घरी फोन आला. बायकोने उचलला आणि तिचा चेहरा उतरला. कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला होता आणि आतून टक्, टक् असा आवाज येत होता.

मी डिस्क काढून घरी घेऊन आलो. ही बातमी दहा मिनिटांत जिन्याने वरखाली झाली आणि माझ्या जेवणाच्या टेबलाभोवती वैद्यकीय मंडळ बसलं. दातांच्या डॉक्टरांनी डिस्क दोन बोटांत धरून निरखली आणि सांगितलं की हलकेच ठोकून बघावी, कधीकधी अडकलेलं सुटतं. कुणीतरी म्हणालं, डिस्क पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, थंड झाली की शेवटचं तासभर चालते. मी चारचौघांत कंपनीचा माणूस असल्याने 'छे, छे, अशास्त्रीय आहे' म्हणालो आणि सगळे गेल्यावर ती फ्रिजमध्ये ठेवली. खालच्या बाई तेवढ्यात चष्मा विसरला म्हणून परत आल्या आणि त्यांनी ते पाहिलं. तासाभराने डिस्क बाहेर काढून जोडली. बाईंनी कान लावून ऐकलं. "लय बरोबर आहे," त्या हळूच म्हणाल्या, "पण गाणं नाही हो यात." त्यावर मला रडू यायचंच बाकी होतं. दुपारी दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने आवाज ऐकला आणि डिस्क न उघडताच माझ्या हातात परत ठेवली. "आधी काही सूचना नव्हती का येत?" त्याने विचारलं. मी कुठे काम करतो हे मी त्याला सांगितलं नाही.

संध्याकाळी बाबांकडे गेलो. अकरा वर्षं. चार हजार शब्द. काय तोंडाने सांगायचं ते ठरत नव्हतं, म्हणून मी चपला काढण्यातच बराच वेळ घालवला. बाबा खुर्चीत बसून शांतपणे पेपरातल्या चुकांवर खुणा करत होते.

"बाबा, डिस्क गेली."

"गेली ना? मग नवी घालू." त्यांनी वरही पाहिलं नाही.

"पण... संग्रह..."

"तो आहे की तुमच्याकडे. मी तक्रारीला जोडला होता, पुरावा म्हणून. एकेक पान काय निवडत बसायचं, सगळाच जोडला. तुमचं उत्तरही आलं होतं. 'काळजीपूर्वक वाचले आहे.'" मग मात्र त्यांनी वर पाहिलं आणि जरा लाजल्यासारखं विचारलं, "कसा वाटला?"

मी म्हणालो, "छान आहे, बाबा." छापील वाक्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाशी खोटं बोलणं किती सोपं असतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते कळल्यावर मी चहा न घेताच निघालो.

सोमवारी कचेरी उघडायच्या आत मी दारात हजर होतो. तक्रार सापडली. फाइलही दिसली, पण तिच्यावर कुलूप होतं. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'ही तक्रार बंद आहे. जोडलेली फाइल तीस दिवसांनी नष्ट होईल. उरलेला वेळ: आज सायंकाळी ६ पर्यंत.'

हा नियम कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला असेल? दोन वर्षांपूर्वी मीच तो लिहिला होता. ग्राहकांच्या फाइली आपल्याकडे पडून राहू नयेत, आणि बंद तक्रारीत कर्मचाऱ्यांनी डोकावू नये, म्हणून. साहेबांनी त्याबद्दल सगळ्यांसमोर माझं अभिनंदन केलं होतं. नियम राबवायचं काम पलीकडच्या टेबलावरच्या बाईंकडे होतं. त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांना नियमबाई म्हणायचो. मी गेलो.

"जरा एक तक्रार उघडून द्या ना."

"तक्रारदाराने स्वतः फोन करायचा. पुन्हा उघडण्याचं कारण सांगायचं. कलम चार."

"अहो, माझे सासरे आहेत ते."

"कलम चारमध्ये सासरे नाहीत."

"ते कलम मी लिहिलंय!"

"म्हणून तर एवढं स्पष्ट आहे," बाई म्हणाल्या. मला वाटतं ते कौतुक होतं.

साहेब दिवसभर मीटिंगमध्ये होते. साडेचारला बाहेर आले, तसा त्यांच्याकडे गेलो. साहेब म्हणाले, अपवाद करायला हरकत नाही, पण वरच्या कार्यालयाची परवानगी लागेल, तीन दिवसांत येईल. घड्याळात पावणेपाच झाले होते. मी जिन्यात जाऊन बाबांना फोन लावला.

"बाबा, एक काम करा. मदत-क्रमांकावर फोन करून तिसरी तक्रार पुन्हा उघडा म्हणून सांगा. मी घेणार नाही फोन, बाई घेतील."

"पुन्हा? का? तुम्ही वाचलीत, उत्तर दिलंत."

"काहीही कारण सांगा, बाबा."

"काहीही कसं सांगू? ते लिहून घेतात."

मी जिन्याच्या कठड्याला धरून उभा होतो. वरून दोन जण हसत उतरले, म्हणून थांबलो. मग सांगून टाकलं. "मी ती फाइल उघडलीच नव्हती, बाबा. न वाचताच बंद केली. तुम्ही चुका काढता, याचा राग आला होता. तुमची डिस्क जाणार हे तुम्ही मला तीनदा सांगितलंत आणि मी फक्त 'वाढला'चं 'वाढल्या' केलं. आणि काल छान आहे म्हणालो, तेही खोटं. सहा वाजता ती पुसली जाईल."

पलीकडे पेन शोधल्याचा आवाज आला.

"नंबर सांगा," बाबा म्हणाले. "पाठ नाही मला."

धावत जागेवर आलो तोवर बाईंचा फोन वाजला. मला फक्त त्यांच्याच बाजूचं ऐकू येत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

"हं, ग्राहक क्रमांक पंचवीस. कारण सांगा, काका... 'न वाचता'... लिहिलं. 'न वाचता बंद केली.' कुणी?... नातं सांगायची गरज नाही... बरं, सांगा... 'जावयाने'. हो, 'जावईने' नाही लिहिलं, 'जावयाने'च लिहिलंय... पूर्णविराम? दिला." बाईंनी फोन ठेवला, एक कळ दाबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उघडली. तुमच्या नावावर टाकते." पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. साऱ्या कचेरीने आपापल्या पडद्यात डोकं घातलं होतं, पण खांदे हलत होते.

फाइल उघडली. आधी मी तिच्या तीन प्रती केल्या. मग, पहिल्यांदाच, वाचायला बसलो. सुतार आखूड पडलेल्या फळीला काय म्हणतात, शिंपी उरलेल्या चिंधीला काय म्हणतात, लेथवाला यंत्र जायला आलं की 'बोलायला लागलं' म्हणतो. आणि प्रत्येक शब्दापुढे तो कुणी दिला, कोणत्या दिवशी दिला, तो माणूस आता आहे की नाही. कुठे चूक सापडेना. शेवटी एक परिशिष्ट होतं, 'चुकीच्या जागी वापरलेले शब्द'. त्यात एकच नोंद होती.

'सावध — बिघडण्याच्या बेतात, या अर्थी. वापरणारा: जावई. चूक आहे. घरी बोलू नये, मुलीसमोर ओशाळतो. कचेरीच्या क्रमांकावर फोन करून सांगावे.'

मी ते तीनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला. बाईंनी पलीकडून विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "डोळ्यांना ताप." चुकीच्या जागी वापरलेला तो माझा शेवटचा शब्द असावा, अशी आशा आहे.

मराठी आवृत्ती निघाली. आता डिस्क जायला आली की पडद्यावर येतं, 'डिस्क बोलायला लागली आहे. आधी फाइली दुसरीकडे ठेवा. भाषेचं नंतर बघू.' वाक्य बाबांचं आहे. चौकट मोठी करून घ्यावी लागली. 'इतर' मात्र अजून एकशे सत्तावीसच आहे आणि खालच्या बाईंचा अजून एकतीस.

ती तिसरी तक्रार मी बंद केलेली नाही. दर महिन्याला साहेब विचारतात, एवढी जुनी तक्रार उघडी का? मी सांगतो, काम चालू आहे. बंद तक्रारीची फाइल तीस दिवसांत पुसली जाते. उघडीची कधीच नाही. दर रविवारी त्या तक्रारीला ग्राहक क्रमांक पंचवीसकडून एक नवी फाइल जोडून येते, आठवड्याचे नवे शब्द घातलेली, आणि सोबत माझी एक नवी चूक.